अजिंठ्याचे मेजर गिल

छत्रपती संभाजीनगर शहराच्या ईशान्येस सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठ्याचा डोंगर लागतो. या डोंगरातून वाट काढताना वाघूर नदी घोड्याच्या नालेसारखे एक मोठे वळण घेते. त्या वळणावर उभ्या असलेल्या कातळकड्यात तीस लेणी कोरलेली आहेत. त्यांपैकी काही इसवी सनापूर्वी, सातवाहनांच्या काळात कोरली गेली. उरलेली बहुतेक इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या सुमारास निर्माण झाली. लेण्यांच्या भिंतींवर आणि छतांवर त्या काळच्या चित्रकारांनी बुद्धाच्या चरित्रातील व जातककथांतील प्रसंग रंगविले. राजे आणि राण्या, व्यापारी आणि भिक्षू, हत्ती, हंस, वानरे, कमळे आणि फळे यांनी त्या भिंती भरून गेल्या आहेत.

आज देशोदेशींचे लोक ही चित्रे पाहावयास येतात. १९८३ साली अजिंठ्याची गणना जागतिक वारशाच्या स्थळांत झाली. परंतु पावणेदोनशे वर्षांपूर्वी तेथे जाण्यास नीट वाटही नव्हती. लेण्यांत वटवाघळांची वस्ती होती, दारांशी झाडोरा माजला होता आणि आतील चित्रांचे पोपडे एकामागून एक गळून पडत होते. अशा वेळी एका मनुष्याने त्या भिंतींसमोर आपला चित्रफलक उभा केला आणि आयुष्याची पस्तीस वर्षे त्या चित्रांपायी वेचली. त्यांचे नाव रॉबर्ट गिल. ते धंद्याने चित्रकार नव्हते. ते सैनिक होते.

रॉबर्ट गिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८०४ रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्या काळी हिंदुस्थानातील मोठा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला होता आणि कंपनीच्या फौजेत भरती होऊन समुद्रापार जाणे, हा इंग्लंडमधील अनेक तरुणांचा चरितार्थाचा मार्ग होता. गिल यांनीही हाच मार्ग धरला. विशीच्या सुमारास ते मद्रासच्या फौजेत अधिकारी म्हणून दाखल झाले. कवायत, पहारे, छावणीचा बंदोबस्त आणि कूच या ठराविक चाकोरीत त्यांची वर्षे जाऊ लागली. यथाकाल ते कॅप्टनच्या हुद्द्यास चढले.

त्यांच्या हातात तलवार होती. तथापि त्याच हातात एक दुसरे कसबही होते. ते उत्तम चित्रे काढीत. छायाचित्रणाची कला तेव्हा जन्मासही आली नव्हती. एखादा किल्ला, घाट, नदीचा उतार किंवा शहराचा तट कसा आहे हे वरिष्ठांना कळवावयाचे, तर ते कागदावर हाताने रेखाटूनच कळवावे लागे. म्हणून फौजेत रेखाटनास किंमत होती. पुष्कळ अधिकारी तेवढ्यापुरती कला शिकत आणि काम संपले की कागद गुंडाळून ठेवीत. गिल यांच्या ठिकाणी मात्र ही आवड वरवरची नव्हती. रंग आणि कुंचला यांचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. तरीही वयाच्या चाळिशीपर्यंत ते पलटणीतील एक अधिकारीच होते. ही आवड आपले सारे आयुष्य व्यापील, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

इकडे अजिंठ्याची कीर्ती हळूहळू बाहेर पसरत होती. परिसरातील गावकऱ्यांना आणि गुराख्यांना लेणी पूर्वीपासून ठाऊक होती. परंतु बाहेरच्या जगाला त्यांचा विसर पडला होता. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या घोडदळातील एक इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या खोऱ्यात आला आणि झाडीआड दडलेले लेणे त्याच्या दृष्टीस पडले. आत जाऊन त्याने दहाव्या लेण्यातील एका खांबावर आपले नाव व तारीख कोरून ठेवली. त्या खांबावर एक प्राचीन चित्र होते. शेकडो वर्षे जपल्या गेलेल्या चित्रावर आपण ओरखडा काढीत आहो, हे त्याच्या ध्यानातही आले नसावे. ते नाव आजही तेथे आहे.

त्यानंतर वीस वर्षांनी जेम्स फर्ग्युसन नावाचे गृहस्थ अजिंठ्यास आले. हे गृहस्थ बंगालमध्ये निळीचा व्यापार करीत असत. परंतु जुनी देवळे, मशिदी आणि लेणी पाहण्याचा त्यांना असा छंद लागला की, पुढे व्यापार सोडून त्यांनी वास्तूंच्या अभ्यासालाच वाहून घेतले आणि त्या विषयात ते मोठे विद्वान म्हणून मान्यता पावले. अजिंठ्याची चित्रे पाहून ते आनंदित झाले आणि तितकेच अस्वस्थही झाले. ओल, धूर, वटवाघळे आणि बेफिकीर प्रवासी यांच्यामुळे चित्रांचा झपाट्याने नाश होत होता. १८४३ साली लंडनमधील रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी लेण्यांविषयी निबंध वाचला. चित्रे पुरती नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या हुबेहूब नकला करून घ्याव्यात, अशी विनंती सोसायटीने कंपनीच्या संचालकांस केली. ती मान्य झाली. या कामासाठी चित्रकलेत निष्णात असा अधिकारी शोधण्यात आला आणि १८४४ साली मद्रास सरकारने कॅप्टन गिल यांची नेमणूक केली.

गिल यांनी पलटण सोडली. मित्रमंडळी, मेजवान्या, वाद्ये आणि मानमरातब यांनी भरलेले छावणीतले जीवन मागे टाकून ते अजिंठ्याच्या वाटेला लागले. अजिंठा हे तटबंदीचे जुने गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. गावातील बारादरीत त्यांनी मुक्काम केला. या गावाला सैनिकांची सवय होती. १८०३ साली जवळच असई येथे मराठे आणि इंग्रज यांच्यात मोठी लढाई झाली, तेव्हा इंग्रजांचे जखमी शिपाई याच गावी आणून ठेवण्यात आले होते. आता तेथे एक सैनिक येऊन राहिला, तो मात्र रंगांच्या पेट्या आणि कापडाचे ठाण घेऊन.

गावापासून लेणी सुमारे अकरा किलोमीटर दूर. मधे घाट आणि दाट रान. त्या रानात वाघांचा सुळसुळाट होता. कड्यावर आग्या मोहोळे लटकलेली असत. त्यांतील माश्या उठल्या म्हणजे माणसास पळता भुई थोडी होई. पावसाळ्यानंतर हिवतापाचे भय असे. डोंगरात राहणारे भिल्ल लोक कंपनी सरकारच्या अंमलाविरुद्ध अनेकदा शस्त्रे घेऊन उठले होते. त्यामुळे कंपनीच्या अधिकाऱ्यास त्या रानात एकटे फिरणे धोक्याचे होते. अशा ठिकाणी नाजूक प्रकृतीचा एखादा चित्रकार चार दिवसही टिकला नसता. गिल टिकले, कारण वीस वर्षांच्या लष्करी चाकरीने त्यांना ऊन, पाऊस, उपास आणि एकांत सोसण्याची सवय लावली होती. ते पट्टीचे नेमबाजही होते. त्यांनी दीडशेवर वाघ मारले असे सांगतात. आज वाघ दुर्मीळ झाला असल्यामुळे ही गोष्ट आपल्याला रुचणार नाही. परंतु त्या काळी लेण्यांपर्यंत पोहोचण्यासाठीच बंदूक जवळ बाळगावी लागे.

प्रत्यक्ष काम तर याहूनही अवघड होते. अजिंठ्याची चित्रे कशी काढली आहेत हे समजल्यावाचून त्या कामाची अडचण ध्यानात यावयाची नाही. प्राचीन चित्रकारांनी खडबडीत कातळावर प्रथम माती, भाताचा कोंडा, गवत व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा दिला. त्यावर चुन्याचा पातळ थर देऊन भिंत गुळगुळीत केली. मग तांबड्या गेरूने आकृत्या रेखून त्यांत रंग भरले. तांबडा व पिवळा रंग मातीपासून, हिरवा एका प्रकारच्या खडकापासून, पांढरा चुन्यापासून, तर काळा काजळीपासून केला. निळ्या रंगासाठी लागणारा मौल्यवान दगड दूर वायव्येकडील देशांतून आणला जाई. हा सगळा रंगविलास आता काळवंडला होता. कोठे गिलावा निखळला होता, कोठे धुराचा थर बसला होता. लेणी खोल असल्याने दिवसातून थोडाच वेळ आत पुरेसा उजेड येई. छतावरचे चित्र उतरवावयाचे तर परांचीवर चढून, मान वर करून तासन् तास पाहावे लागे.

गिल यांनी चित्रे मूळ आकाराएवढीच करावयाची असे ठरविले होते. त्यामुळे कित्येक फूट लांबीरुंदीचे कापड ताणून त्यावर तैलरंगांनी एकेक चित्र उतरविणे भाग होते. नकलेच्या कामात चित्रकाराला स्वतःची प्रौढी मिरवावयास वाव नसतो. आपल्याला जे सुंदर वाटेल ते काढण्याची मोकळीक त्यास नसते; दुसऱ्याच्या हाताने ओढलेली रेषा जशी आहे तशीच आपल्या हाताने पुन्हा ओढावी लागते. राजपुत्राच्या झुकलेल्या पापणीत जी करुणा आहे, ती रेषा केसभर हलली तरी नाहीशी होते. सकाळी घाट उतरून लेण्यात जावे, उजेड असेपर्यंत काम करावे आणि काळोख पडण्यापूर्वी परतावे, असा क्रम महिन्यांमागून महिने चालला.

पुरी झालेली चित्रे लंडनला पाठविली जात. तेव्हा या भागात रेल्वे नव्हती. गुंडाळलेली मोठमोठी चित्रे बैलगाड्यांतून बंदरापर्यंत न्यावी लागत. सुएझचा कालवाही १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी इंग्लंडास जाणारा अवजड माल आफ्रिका खंडास वळसा घालून जहाजाने जाई. अशा रीतीने अजिंठ्याचे रंग सात समुद्र ओलांडून कंपनीच्या संग्रहालयात पोहोचले. ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता, त्यांस येथील प्राचीन कलेचे वैभव त्या चित्रांतून प्रथमच दिसले.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. कंपनीचे राज्य परके होते आणि हिंदुस्थानातील अनेक मौल्यवान वस्तूंप्रमाणे या चित्रांची वाटही लंडनकडेच वळली होती. गिल हे त्याच सत्तेचे चाकर होते. परंतु चाकरी आणि निष्ठा यांत भेद असतो. वरिष्ठांचा हुकूम त्यांना अजिंठ्यापर्यंत घेऊन आला. हुकमाने कोणी पस्तीस वर्षे एका डोंगरात राहत नाही. नकलांचे काम १८६३ पर्यंत चालले. एवढ्या अवधीत सुमारे सत्तावीस मोठी चित्रे तयार झाली. दरम्यान गिल मेजर झाले आणि लष्करी चाकरीतून निवृत्तही झाले. निवृत्त झालेले बहुतेक इंग्रज अधिकारी निवृत्तिवेतन घेऊन मायदेशी परतत. मेजर गिल यांनी अजिंठा सोडला नाही.

या गावाशी त्यांचा जिव्हाळ्याचा संबंध जडला होता. पारो नावाची येथील एक स्त्री त्यांची सहचारिणी होती. तिच्या निधनानंतर त्यांनी अजिंठा गावी तिचे स्मारक उभारले. त्यावर २३ मे १८५६ ही तारीख कोरलेली आहे. पारोने रानातील रंगद्रव्ये शोधून देऊन गिल यांना साहाय्य केले, अशी कथा त्या भागात सांगितली जाते. मराठवाड्याचे कवी ना. धों. महानोर यांनी या दोघांवर अजिंठा नावाचे दीर्घकाव्य लिहिले आणि २०१२ साली त्यावर मराठी चित्रपटही निघाला.

ज्या वर्षी पारो गेली, त्याच सुमारास गिल यांनी एक नवी विद्या हाती घेतली. ती म्हणजे छायाचित्रण. या विद्येची वार्ता १८३९ साली जगाला कळली होती आणि अजून ती बाल्यावस्थेतच होती. गिल यांचे वय तेव्हा बावन्न वर्षांचे होते. आजच्याप्रमाणे कळ दाबली की चित्र तयार, असा तो प्रकार नव्हता. काचेच्या तावदानावर एक चिकट द्राव ओतावयाचा, ते तावदान चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवावयाचे, ओले असतानाच कॅमेऱ्यात बसवून चित्र घ्यावयाचे आणि लागलीच काळोख्या तंबूत नेऊन रसायनांनी धुवावयाचे. काच वाळली की सगळा खटाटोप व्यर्थ. दख्खनच्या उन्हाळ्यात काच वाळावयास कितीसा वेळ लागणार! शिवाय काचा, औषधांच्या बाटल्या, तंबू आणि अवजड कॅमेरा हे सारे डोंगरकपारीतून वाहून न्यावे लागे.

गिल यांनी ही विद्या चिकाटीने आत्मसात केली. ते एकाच दृश्याची दोन छायाचित्रे घेत. एक उजव्या डोळ्यास दिसेल तसे आणि दुसरे डाव्या डोळ्यास दिसेल तसे. दोन भिंगांच्या एका लहान यंत्रातून ती एकत्र पाहिली म्हणजे दृश्याला खोली येई आणि आपण लेण्याच्या दाराशीच उभे आहो असा भास होई. अजिंठा, वेरूळ, लोणार येथील लेणी, देवळे व मूर्ती यांची अशी पुष्कळ छायाचित्रे त्यांनी घेतली. १८६४ साली त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील वर्णन जेम्स फर्ग्युसन यांनी लिहिले होते. व्यापार सोडून विद्वान झालेला एक मनुष्य आणि पलटण सोडून कलावंत झालेला दुसरा, असे हे दोघे एका ग्रंथात एकत्र आले.

मेजर गिल यांचे मुख्य काम आता झाले होते. वीस वर्षांच्या श्रमाचे फळ लंडनमध्ये सुरक्षित होते, असेच सर्वांस वाटत होते. त्यांची चित्रे लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस नावाच्या भव्य प्रदर्शनगृहात मांडली होती. काच आणि लोखंड यांनी बांधलेली ती इमारत त्या काळी जगात प्रसिद्ध होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीच्या उत्तरेकडील भागास आग लागली. त्या आगीत गिल यांची चित्रे जळून गेली. जी चार-पाच चित्रे तेथे मांडलेली नव्हती तेवढीच वाचली. त्यांच्या चित्रांवरून केलेले काही लहान लाकडी ठसे पूर्वी एका इंग्रजी पुस्तकात छापले गेले होते. ते ठसे आणि ती चार-पाच चित्रे एवढेच काय ते उरले. वाघांच्या रानात, तापाशी झुंजत, परांचीवर मान मोडून केलेले वीस वर्षांचे काम एका आगीत राख होऊन गेले.

ही वार्ता अजिंठ्यास पोहोचली, तेव्हा मेजर गिल बासष्ट वर्षांचे होते. या वयात मनुष्य केलेल्या कामाकडे समाधानाने पाहत विसावा घेतो. गिल यांच्यापाशी पाहण्यासारखे काही उरले नव्हते. मनुष्याची आवड खरी की दिखाऊ, याची परीक्षा अशाच प्रसंगी होते. ज्याला कीर्तीसाठी काम करावयाचे असते, त्याची कीर्ती जळाली म्हणजे त्याचा हातही थांबतो. मेजर गिल यांचा हात थांबला नाही. रंगपेटी आणि कॅमेरा घेऊन ते पुन्हा घाट उतरून लेण्यांत गेले. तारुण्यातील जोम आता नव्हता आणि मधल्या वर्षांत भिंतींवरील चित्रेही अधिक झिजली होती. तरी जेवढे साधेल तेवढे उतरवून घेण्याचा उद्योग त्यांनी अखेरपर्यंत चालविला.

त्यांच्या हयातीतच त्या कामाला पुढे वारसही मिळाला. १८७२ साली मुंबईच्या कलाशाळेतील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स हे आपल्या हिंदी विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्यास आले आणि नव्याने नकला करू लागले. हे काम अनेक हिवाळे चालले. दैवाचा खेळ असा की, लंडनला पाठविलेल्या या नकलांपैकीही पुष्कळशा १८८५ साली तेथील संग्रहालयास लागलेल्या आगीत जळाल्या. तथापि उरलेल्या सामग्रीच्या आधारे ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ साली अजिंठ्याच्या चित्रांचे दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम या विदुषी आल्या. त्यांच्या मदतीस नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण भारतीय चित्रकार होते. अजिंठ्याच्या रेषेचा संस्कार घेऊन ते परतले आणि आधुनिक भारतीय चित्रकलेस त्यांनी नवे वळण दिले.

आरंभीच्या काळात चित्रे उजळ दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निशचा हात फिरविला जाई. हे व्हार्निश पुढे पिवळे पडले आणि त्याने मूळ रंग झाकोळले. हेतू चांगला असला तरी ज्ञान अपुरे असले म्हणजे हानी होते, हे यावरून दिसून येते. हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली चित्रांच्या रक्षणाचे काम हाती घेतले आणि १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ आणवून निखळणारा गिलावा पक्का करविला. स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आली.

मेजर गिल यांना यांतील फार थोडे पाहावयास मिळाले. १८७९च्या एप्रिल महिन्यात, वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. भुसावळ येथील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे. ज्या देशातून ते आले होते तेथे परत गेले नाहीत. त्यांची वाचलेली चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. नंतरच्या दुरुस्त्या होण्यापूर्वी लेण्यांची मुखे, खांब आणि मूर्ती कशा होत्या, हे अभ्यासकांस त्यांच्या छायाचित्रांवरून कळते.

मेजर गिल यांच्या चरित्राकडे पाहताना काही गोष्टी मनात ठसतात. त्यांनी चाळिसाव्या वर्षी आयुष्याची दिशा बदलली, परंतु त्यापूर्वीची वर्षे वाया गेली नाहीत. सैनिक म्हणून अंगी बाणलेली शिस्त, काटकपणा आणि निर्भयता यांच्याच बळावर ते अजिंठ्याच्या रानात चित्रकार होऊ शकले. चित्रकलेची आवडही त्यांना एका दिवसात लागली नव्हती. चाकरी सांभाळून त्यांनी वर्षानुवर्षे हात तयार ठेवला होता. म्हणून संधी आली तेव्हा ती घेण्यास ते समर्थ ठरले. ज्याने कुंचला कधी हाती धरला नाही, त्याच्या दारावरून अशी संधी निघून जाते आणि त्याला तिची चाहूलही लागत नाही.

आपल्याला कोणते काम मनापासून आवडते, हे ओळखणे सोपे नसते. क्षणभर मोहविणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. परंतु जे काम कंटाळवाणे झाले तरी सोडवत नाही, कोणी पाहत नसतानाही नीट करावेसे वाटते आणि नष्ट झाले तरी पुन्हा आरंभ करावासा वाटतो, ते आपले खरे काम समजावे. जॉन स्मिथने लेण्यात आपले नाव कोरले आणि तो निघून गेला. मेजर गिल यांनी लेण्यातील चित्रे जगापुढे नेली. अजिंठ्याच्या भिंतींचे जे रक्षण पुढे झाले, त्याच्या आरंभी या एका सैनिकाचे दीर्घ आणि एकाकी श्रम उभे आहेत.